हवेचा आकडा आणि त्यामागची पायपीट

डिसेंबरात एखाद्या सकाळी मोबाइलवर पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हवेचा आकडा दीडशेच्या घरात दिसतो आणि पाषाणचा त्याच्या निम्मा. आपण तो बघतो, आज हवा वाईट आहे असं एकमेकांना सांगतो आणि गाडी काढून कामाला निघतो. हा आकडा यंत्रातून आपोआप बाहेर पडतो अशी समजूत आहे, आणि ती निम्मीच खरी आहे. हवेत किती कण आहेत एवढंच यंत्र सांगतं. ते कुणाच्या चुलीतून, कुठल्या इंजिनातून, कुठल्या रस्त्यावरून आले हे कळायचं असेल तर माणसांना गल्लोगल्ली हिंडावं लागतं, दारं वाजवावी लागतात, गच्च्यांवर पंप चढवावे लागतात. पुण्यात हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. ते कसं चालतं हे समजलं की हवेच्या बातम्या वाचताना नेमकं काय विचारायचं ते कळतं.

आधी तो आकडा. दीडशे म्हणजे दीडशे मायक्रोग्रॅम नव्हे. आपल्याकडे २०१५पासून वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकं विचारात घेतो: पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचं प्रमाण शून्य ते पाचशेच्या पट्टीवर बसवलं जातं आणि ज्याचा आकडा सर्वांत वाईट, तोच त्या जागेचा निर्देशांक ठरतो. सरासरी काढत नाहीत. थंडीत हा सर्वांत वाईट आकडा बहुतेक वेळा धूलिकणांचाच असतो. एका घनमीटर हवेत पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण ७५ मायक्रोग्रॅम असतील, तर पट्टीवर सुमारे १५० दिसतात. हे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणून सगळी काळजी त्यांची.

पीएम २.५साठी २००९पासून आपली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. म्हणजे ५५ मायक्रोग्रॅमचा दिवस आपल्या पट्टीवर ‘समाधानकारक’ ठरतो आणि आरोग्य संघटनेच्या हिशेबात तो साडेतीन पटींहून वर असतो. पट्टीवरचा हिरवट रंग पाहून दम्याच्या मुलाला निर्धास्तपणे मैदानावर पाठवणाऱ्या आईवडिलांना हे माहीत असायला हवं.

आता मोजणी. सर्वांत विश्वासाची पद्धत आजही वजन करण्याचीच आहे. एका गोल फिल्टरमधून पंपानं हवा ओढायची आणि फिल्टरचं वजन किती वाढलं ते बघायचं. पंप मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे चोवीस तासांत २४ घनमीटर. हवेत पीएम २.५चं प्रमाण ६० असेल तर दिवसभरात फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम माल जमतो, साखरेच्या एका बारीक दाण्याएवढा. शहराची हवा मर्यादेत आहे की नाही हे एवढ्याशा वजनावर ठरतं. त्यामुळे सगळी शिस्त त्याभोवती असते. फिल्टर वापरण्याआधी आणि नंतर ठरलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत चोवीस तास ठेवतात, कारण हवेतल्या ओलाव्यानंही वजन बदलतं. हात लावायचा नाही, चिमट्यानंच उचलायचा. फिल्टरवरचा स्थिर विद्युतभार काढून टाकायचा, नाहीतर तराजू खोटं बोलतो. मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारा हा तराजू हादरे न बसणाऱ्या जड ओट्यावर ठेवलेला असतो. शिवाय प्रत्येक फेरीत काही कोरे फिल्टर सोबत न्यायचे, यंत्रात बसवून लगेच काढायचे आणि परत आणायचे. प्रवासातच किती मळ लागला ते त्यावरून कळतं.

एका ठिकाणी अनेकदा दोन फिल्टर शेजारीशेजारी चालवावे लागतात. टेफ्लॉनच्या फिल्टरवर धातू मोजता येतात, पण टेफ्लॉन स्वतःच कार्बनचं बनलेलं असल्यानं त्यावर कार्बन मोजता येत नाही. त्यासाठी क्वार्ट्झचा फिल्टर लागतो. गोळा केलेले नमुने थंड ठेवून न्यावे लागतात, कारण फिल्टरवर बसलेला अमोनियम नायट्रेटसारखा माल उन्हात उडून जातो. मधे तीन तास वीज गेली तर त्या दिवसाचा नमुना बाद करायचा की राहिलेल्या तासांचा हिशेब धरायचा, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. गच्ची कुणाची मिळते यावरही बरंच अवलंबून असतं. शाळेचे मुख्याध्यापक किंवा सोसायटीचे सेक्रेटरी परवानगी देतात, पण पंपाचा आवाज रात्रभर चालतो आणि चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरून तक्रार येते. त्या घरच्या आजोबांना वर नेऊन यंत्र दाखवलं, फिल्टर काल पांढरा होता आणि आज करडा झाला आहे हे त्यांनी स्वतः पाहिलं, की पुढचे दिवस सुरळीत जातात. या कामात संवादाला रसायनशास्त्राइतकीच किंमत आहे असं माझं मत आहे.

रोज वजन करत बसणं शक्य नसतं, म्हणून कायमच्या केंद्रांवर स्वयंचलित यंत्रं असतात. ती कागदी पट्टीवर कण जमा करतात आणि त्यातून बीटा किरण किती अडले यावरून तासातासाचं प्रमाण काढतात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाली आणि २०१३मध्ये पुण्यात आली. शिवाजीनगर, पाषाण, हडपसर, आळंदी, भोसरी, निगडी अशी तिची केंद्रं आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं वेगळी, त्यांतलं एक कर्वे रस्त्यावर आहे. एवढ्या मोठ्या शहराला ही केंद्रं तशी थोडीच. केंद्र जिथं उभं आहे तिथलीच हवा ते सांगतं. दोन गल्ल्या पलीकडे बेकरीची लाकडाची भट्टी असेल किंवा रेडी मिक्स काँक्रीटचा प्लांट असेल, तर तिथल्या माणसाची हवा त्या आकड्यात नसते.

त्यात पुण्याची जागा अडचणीची. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, मुळा-मुठेच्या खोऱ्यात वसलेलं आणि टेकड्यांनी वेढलेलं हे गाव. थंडीत रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन भराभर गार होते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. वर मात्र तुलनेनं उबदार हवा राहते. गार हवा जड असल्यानं ती वर चढत नाही आणि तिच्यातला धूरही वर जात नाही. उन्हाळ्यात दुपारी जमिनीजवळची हवा दोन किलोमीटर किंवा त्याहून वरपर्यंत ढवळली जाते. हिवाळ्याच्या रात्री हीच उंची शंभर-दोनशे मीटरवर येते. गाड्या तेवढ्याच, चुली तेवढ्याच, पण धूर मिसळायला जागा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. म्हणून सकाळी सात ते दहा आणि रात्री उशिरा आकडे चढतात, आणि दुपारी उन्हानं हवा ढवळली की उतरतात. पहाटे सिंहगड चढणाऱ्यांनी शहरावरचा तपकिरी पट्टा पाहिलेला असतो, ती या थराची वरची कड. गडावर आणि खाली शहरात कण मोजून हा थर कुठवर पोचतो ते पाषाणच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलं आहे. ढगांमध्ये हे कण काय करतात ते बघायला संस्थेनं २०१२मध्ये महाबळेश्वरला उंचावरची प्रयोगशाळाही उभारली.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जानेवारीत आकडा वाढला म्हणजे शहरानं जास्त धूर सोडला असं लगेच म्हणता येत नाही, आणि जुलैत उतरला म्हणजे कुणी काही सुधारलं असंही नाही. पाऊस आणि समुद्राकडून येणारा वारा ते काम करून जातो. धूर खरोखर किती सुटतो हे कळायला वेगळी मोजणी लागते, आणि इथूनच पायपीट सुरू होते.

या मोजणीच्या दोन वाटा आहेत. पहिली धुराच्या उगमापासून सुरू होते. तिला उत्सर्जन यादी म्हणतात. शहराचे लहान चौकोन पाडायचे, सफरच्या कामात ते ४०० मीटर बाय ४०० मीटरचे आहेत, आणि प्रत्येक चौकोनात काय जळतं, किती जळतं ते लिहायचं. एका चौरस किलोमीटरला असे सहाहून अधिक चौकोन होतात. विद्यार्थी चौकात उभे राहून वाहनं मोजतात: दुचाकी, रिक्षा, मोटार, पीएमपीची बस, टेम्पो, ट्रक. पेट्रोल पंपावर गाडीचं वर्ष आणि रोजचे किलोमीटर विचारतात. हॉटेलात तंदूरला दिवसाला किती किलो कोळसा लागतो, वस्तीत अंघोळीचं पाणी कशावर तापतं, जनरेटरला महिन्याला किती डिझेल जातं, हे सगळं वहीत उतरतं. रस्त्याची धूळ मोजायची तर वाहतूक पोलिसांची मदत घेऊन पहाटे रस्त्याचा ठरावीक तुकडा अडवतात, झाडून घेतात आणि ती माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळतात. जे खाली पडतं तेच टायरखालून उडणारं.

मग साधा गुणाकार. किती गाड्या, प्रत्येकी किती किलोमीटर, आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम. हे शेवटचे ग्रॅम रस्त्यावर उभं राहून कळत नाहीत. वाहन रोलरवर चढवून, शहरातल्यासारखं थांबवत-पळवत, धुराड्यातून निघालेला धूर मोजावा लागतो. पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं भारतीय वाहनांसाठी हे काम केलं आहे. युरोपातली गाडी, तिथलं इंधन आणि तिथलं सर्व्हिसिंग धरून काढलेले ग्रॅम इथं लावले तर यादी चुकते. गाड्यांचं वयही धरावं लागतं. एप्रिल २०२०पासून बीएस ६ हे वाहनांच्या धुराचं कडक मानक आलं, इंधनातलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. पण जुना टेम्पो अजून रस्त्यावर आहे, आणि अशी थोडी वाहनं बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त काजळी सोडतात.

सर्वांत अवघड प्रश्न कचरा जाळण्याचा. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला. दंड योग्यच आहे, पण त्यामुळे ‘तुम्ही कचरा जाळता का?’ या प्रश्नाला कुणी हो म्हणत नाही. म्हणून जाणती मुलं तसं विचारतच नाहीत. रात्रपाळीच्या वॉचमनजवळ बसून थंडी किती आहे यावर बोलणं सुरू होतं, मग शेकोटीला काय मिळतं ते निघतं: खोकी, प्लायचे तुकडे, कधी रबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पालापाचोळ्याचे ढीग कुठं पेटतात हे झाडणाऱ्या मावशींना ठाऊक असतं. कुठल्या वस्तीत घंटागाडी वेळेवर येत नाही, कुठल्या नाल्याकाठी प्लास्टिक पेटतं, हे पुण्यात सर्वांत नेमकं सांगू शकतील तर कचरावेचक. त्यांची १९९३पासून संघटना आहे आणि ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८पासून घरोघरी कचरा उचलते. हवेचा कोणताही अभ्यास या बायकांना सोबत घेतल्याशिवाय करू नये, असं मी ठामपणे म्हणेन. त्यांना नुसतं प्रश्न विचारून मोकळं होणं पुरेसं नाही, नकाशा काढतानाही त्या शेजारी असाव्यात आणि त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळावा.

दुसरी वाट उलटी, फिल्टरपासून मागे जाणारी. तिला स्रोतनिश्चिती म्हणतात. प्रत्येक धुराची स्वतःची रासायनिक खूण असते. लाकूड आणि पाला जळला की लेव्होग्लुकोसान नावाची साखर तयार होते, ती दुसऱ्या कशातून फारशी येत नाही. सोबत पोटॅशियमही वाढतं. डिझेलच्या काजळीत मूलद्रव्यी कार्बन जास्त. मातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह. बांधकामाच्या धुळीत कॅल्शियम. फिल्टरवरचा माल मोजून, या खुणांची कोणती सरमिसळ केली तर तो हिशेब जुळतो हे गणितानं काढतात. इथं स्थानिकपणा फार महत्त्वाचा आहे. आपली जमीन काळ्या बेसॉल्टची, तिच्यात लोह आणि टायटॅनियम भरपूर. दिल्लीच्या गाळमातीची खूण पुण्याच्या फिल्टरला लावली तर धुळीचा वाटा चुकीचा निघणार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात हे ओळखून काम वाटून घेतलं होतं. वाहनांच्या धुराच्या खुणा एआरएआयनं काढल्या, बाकीच्या स्रोतांच्या आयआयटी मुंबईनं, आणि पुण्यातलं क्षेत्रकाम एआरएआयनं केलं. त्याचा एकत्रित अहवाल २०११मध्ये आला.

दोन्ही वाटांचं उत्तर जुळलं तर विश्वास वाढतो. नाही जुळलं तर जास्त शिकायला मिळतं. यादीत लाकडाचा धूर कमी आणि फिल्टरवर लेव्होग्लुकोसान भरपूर, असं दिसलं तर कुठल्यातरी चुली किंवा शेकोट्या वहीत आल्या नाहीत, किंवा धूर शहराबाहेरून आला. मग पुन्हा हिंडायचं. आणि काही कण असे असतात की ते कुठल्याच धुराड्यातून निघालेले नसतात. गाड्यांतला नायट्रोजन ऑक्साइड, शेतातला आणि सांडपाण्यातला अमोनिया हवेत भेटतात आणि त्यांच्यापासून अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. त्यांचा एक मालक दाखवता येत नाही. एका महापालिकेनं आपल्या हद्दीत सगळं नीट केलं तरी शेजारचा धूर येतच राहतो तो यामुळेही.

सहकार्य म्हटलं की करारावर सह्या आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते त्याचं चांगलं उदाहरण फटाक्यांच्या अभ्यासाचं आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मुलं नेहमी उडवतात ते फटाके एकेक करून पेटवले आणि उडवणारा जिथं उभा असतो तिथली हवा मोजली. २०१६मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सर्वांत वाईट निघाली ती नागगोळी: पीएम २.५चं शिखर ६४,५०० मायक्रोग्रॅम. फटाक्यांची लड ३८,५४०, फुलबाजी १०,३९०, भुईचक्र ९,४९०, भुईनळा ४,८६०. आवाज नाही म्हणून ‘लहानग्यांसाठी बरी’ समजली जाणारी नागगोळी पहिली, आणि मूल तिच्यावर वाकून बघत असतं. हे आकडे ६०च्या मर्यादेशी थेट भागायचे नाहीत, कारण ती मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे आणि हे काही मिनिटांचं शिखर आहे. तरीही डॉक्टर, विद्यार्थी आणि एक मोजयंत्र एकत्र आल्यावर घराघरांत उपयोगी पडेल असं उत्तर मिळालं.

अलीकडे स्वस्त सेन्सर आले आहेत आणि नागरिकांचे गट ते बाल्कनीत लावतात. मला ते आवडतं, पण त्यांची मर्यादा सांगायला हवी. हे सेन्सर कणांवरून परतणारा प्रकाश मोजतात, वजन करत नाहीत. आर्द्रता वाढली की कण पाणी धरून फुगतात आणि सेन्सर आकडा फुगवून सांगतो. जुलैतल्या भुरभुर पावसात तो हवा खराब असल्याचं खुशाल दाखवतो. म्हणून आधी काही आठवडे तो मोठ्या यंत्राशेजारी ठेवून त्याची सवय समजून घ्यायची, आणि पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळी दुरुस्ती लावायची. एवढं केलं तर शाळेच्या फाटकाशी आणि आतल्या मैदानात किती फरक आहे, हे तो उत्तम सांगतो.

हे सगळं कळून पैसे कुठं जातात? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला आणि पुणे त्यात आहे. त्यात शहराची प्रगती मुख्यतः पीएम १०वर मोजली गेली. मोठे कण कमी करायचे तर रस्ते झाडणारी यंत्रं आणि पाण्याचे फवारे ही हाताशी असलेली कामं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या अभ्यास संस्थेनं २०२४मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार देशभरात या कार्यक्रमातला सुमारे ६४ टक्के निधी रस्त्याच्या धुळीवर गेला. धूळ कमी व्हायलाच हवी, वाघोली-मोशीच्या खडी-क्रशरजवळ राहणाऱ्यांना विचारा. पण पीएम २.५ मुख्यतः जळण्यातून आणि हवेतल्या रसायनांतून येतं, आणि चौकातल्या तुषारांनी चुलीचा धूर कमी होत नाही. कचरा जळतो त्या वस्तीत घंटागाडीची एक फेरी वाढवायची की चौकात फवारा बसवायचा, हा निर्णय त्या वहीवरून व्हायला हवा. वही कार्यालयात कपाटात राहिली तर तो अंदाजानं होतो.

म्हणून अभ्यास संपल्यावर नकाशा परत वॉर्डात नेणं हा क्षेत्रकामाचाच भाग मानावा. तो मराठीत असावा, चौकोनांवर गल्ल्यांची आणि देवळांची नावं असावीत, म्हणजे बघणारा म्हणेल, ‘इथं तुम्ही भट्टी दाखवलीत, ती दोन वर्षांपूर्वी बंद झाली, आता ती पुलापलीकडे आहे.’ अशी दुरुस्ती कुठल्याही उपग्रहाला करता येत नाही.

या हिवाळ्यात ओळखपत्र गळ्यात घातलेलं एखादं पोरगं तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात येईल आणि जनरेटर किती तास चालतो असं विचारेल. ‘फारसा नाही’ हे उत्तर त्याला वहीत लिहिता येत नाही. डिझेलच्या बिलांचं रजिस्टर त्याच्यासमोर ठेवा, आणि वॉचमनकाकांशीही त्याची गाठ घालून द्या.